स्थावराची हाव आणि तोट्याची तयारी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनप्रसंगी वाशी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या चालकांनी या वर्षी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवडही आमच्यावरच सोपविली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. संमेलन म्हटले की गुणवंतांचा सत्कार व्हावा, यशाच्या वार्ता ऐकाव्यात, अशी सर्वांची अपेक्षा असते. अशा मंगल प्रसंगी तोट्याचा विषय काढणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. तथापि ज्ञातीतील ज्या कुटुंबांशी आमचा संबंध येतो, त्यांच्या बोलण्यात मुलांच्या शिक्षणाखालोखाल जर कोणता विषय येत असेल, तर तो जागेचा होय. कोणी उलव्यास फ्लॅट घेतलेला असतो, कोणी पनवेलपलीकडे दोन गुंठे जमीन धरून ठेविलेली असते, कोणी सेवानिवृत्तीची सर्व रक्कम अर्धवट इमारतीत घालून ताब्याची वाट पाहत असतो. नफा झाला तर पेढे वाटले जातात. तोटा झाला तर त्याची वाच्यता उंबऱ्याबाहेर होत नाही. म्हणूनच त्याविषयी येथे, आपल्या माणसांत, उघडपणे बोलावे असे आम्हांस वाटले.

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण सारे जाणतो. आपल्या पूर्वजांनी हा इशारा राहत्या घराविषयी देऊन ठेविला. विकून नफा मिळविण्यासाठी घेतलेले दुसरे आणि तिसरे घर त्यांच्या ध्यानीमनीही नसेल. आम्ही आज बोलणार आहोत ते या दुसऱ्या-तिसऱ्या घराविषयी. राहत्या घराचा भाव उतरला तरी छप्पर डोक्यावर राहते. गुंतवणुकीच्या घराची गोष्ट निराळी आहे. ते व्यापार आहे आणि व्यापार म्हटला की तोट्याचे खाते वहीत आधी मांडावे लागते.

‘जमिनीचा भाव कधी उतरत नाही’ असे आपण सर्रास म्हणतो. या म्हणण्यास मुंबईचा इतिहास साक्ष देत नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसास सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि तो समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या कंपन्यांत शिरला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग ५०,००० रुपयांपर्यंत चढला. १८६५ च्या एप्रिलात युद्ध संपत आल्याची चिन्हे दिसली, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ रोजी, वायद्यांची देणी चुकती करण्याच्या दिवशी, शहरातील नामांकित पेढ्या उघड्या पडल्या. बॅक बेचा तोच भाग पुढे २,००० रुपयांच्याही खाली गेला. भागांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बेही त्या लाटेतून वाचली नाही.

या कथेतील एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. बॅक बे भरून काढण्याची कल्पना मुळात खोटी नव्हती. पुढल्या शतकात त्याच किनाऱ्यावर भराव पडून मरीन ड्राइव्ह झाला, नरिमन पॉइंट उभा राहिला आणि तेथील जमीन देशातील अत्यंत महाग जमिनींत गणली गेली. म्हणजे जमिनीविषयीचे भाकीत खरे ठरले. परंतु ज्यांनी उसनवारीने भाग घेतले होते त्यांना ते खरे ठरण्याची वाट पाहता आली नाही. भाकीत बरोबर आणि माणूस मात्र बुडालेला, असा हा प्रकार आहे. आमच्या आजच्या सांगण्याचे सार याच एका गोष्टीत आहे. नफा किती होईल याचा हिशेब करण्यापूर्वी, तोटा झाला किंवा नुसता उशीर झाला तर तो कोण सोसणार आणि किती काळ सोसणार, हे ठरविलेले असले पाहिजे.

आता खाडी ओलांडून आपण ज्या भूमीवर बसलो आहोत तिच्याकडे वळू. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे नवे शहर वसविण्याचे काम तिच्याकडे आले. गिरगाव, परळ, दादर येथील चाळींतून आपल्यापैकी कित्येक कुटुंबे येथे आली, स्थिरावली आणि सुखावली. परंतु या शहराची प्रत्येक वीट कोणाच्या तरी भातशेतीवर, मिठागरावर उभी आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, जासईच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण गमावले. पुढे संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली, ती या संघर्षाचे फळ होय. हा इतिहास आम्ही केवळ कृतज्ञतेपोटी सांगत नाही. ज्या जमिनीवर आपण पैसे लावतो तिच्यामागे किती माणसांचे हक्क उभे आहेत, हे समजल्याविना येथील धोका समजत नाही.

आमच्या मते येथील गुंतवणुकीस तीन बाजूंनी ग्रहण लागते. पहिले हक्काचे, दुसरे काळाचे आणि तिसरे ऋणाचे.

प्रथम हक्काचा विचार करू. साडेबारा टक्क्यांचा भूखंड एका नावावर दिसला तरी त्यामागे वारसांची मोठी शाखा असू शकते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलींस जन्मतःच मुलांइतका हक्क मिळाला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला. भावांनी विकले, बिल्डरने बांधले, फ्लॅट विकले गेले आणि मागाहून बहिणीचा दावा न्यायालयात उभा राहिला, तर भोगणार कोण? सर्वांत शेवटी आलेला, सर्वांत कमी माहिती असलेला खरेदीदारच. तेव्हा वंशावळ पाहा आणि सर्व वारसांच्या सह्या पाहा. सिडकोची जमीन ही मालकीची नसून भाडेपट्ट्याची असते, तेव्हा पट्ट्याच्या अटी आणि हस्तांतरणाची परवानगीही पाहा. महापालिकेच्या हद्दीत बांधकामास परवानगी पालिका देते, जमिनीचा धनी मात्र सिडकोच राहते. एका कचेरीचा शिक्का पाहून दुसऱ्या कचेरीचा विसर पडू देऊ नये.

दिघ्याचे उदाहरण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. एमआयडीसी व सिडको यांच्या जमिनींवर तेथे अनधिकृत इमारती उठल्या आणि अल्प उत्पन्नाच्या लोकांनी आयुष्याची पुंजी घालून त्यांत घरे घेतली. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने अशा ९९ इमारतींविरुद्ध कारवाईचा आदेश दिला, काहींवर हातोडा पडला आणि कुटुंबे सामानासह रस्त्यावर आली. पुढे अनधिकृत बांधकामे नियमित करण्याची धोरणे आली, न्यायालयात त्यांची चिकित्सा झाली, २०१७ साली कायद्यात दुरुस्तीही झाली. परंतु मधल्या वर्षांतील झोप त्या कुटुंबांस कोणी परत दिली नाही. गावठाणालगतच्या ‘गरजेपोटी’ बांधलेल्या घरांचा प्रश्नही असाच दीर्घकाळ चालत आला आहे. मूळ ग्रामस्थाची गरज समजण्यासारखी आहे. पण त्या इमारतीतील चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट नफ्यासाठी घेणाऱ्यास ‘गरजेपोटी’ हा शब्द तारील, अशी आशा धरू नये.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदविला म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे पुष्कळांस वाटते. वास्तविक ती कचेरी दस्ताची नोंद करते, विकणाराच्या हक्काची हमी घेत नाही. तसेच वीजबिल आणि मालमत्ताकराची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. कर अनधिकृत इमारतीवरही बसतो. पनवेल, खालापूर, कर्जत या भागांत शेतजमिनीचे गुंठे घेणाऱ्यांनी तर अधिकच सावध असावे. १९४८ च्या कूळकायद्यानुसार शेतजमीन घेण्यास सामान्यतः शेतकरी असावे लागते. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे आणि त्यात वेळोवेळी सवलतीही दिल्या गेल्या आहेत. आपला तुकडा त्या सवलतीत बसतो की नाही, हे दलालास न विचारता तलाठ्याकडील सातबारा, फेरफार आणि आपला स्वतःचा वकील यांना विचारावे.

दुसरे ग्रहण काळाचे. नवी मुंबईच्या विमानतळास केंद्राची तत्त्वतः मान्यता मिळाली २००७ साली. पर्यावरणाची परवानगी आली २०१० च्या नोव्हेंबरात, पायाभरणी झाली १८ फेब्रुवारी २०१८ रोजी, उद्घाटन झाले ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आणि पहिली विमाने उडाली २५ डिसेंबर २०२५ रोजी. बेलापूर ते पेंधर मेट्रोचे काम २०११ साली सुरू झाले आणि प्रवासी तीत बसले ते १७ नोव्हेंबर २०२३ रोजी. या योजना फसव्या होत्या असे कोणी म्हणू नये. त्या झाल्या आणि त्यांचा लाभ आज आपण घेत आहोत. परंतु २००८ साली ‘विमानतळ आता आलाच’ या वाक्यावर ज्याने हप्ते बांधून घेतले, त्याची मुलगी तेव्हा पहिलीत असेल तर विमान उडेपर्यंत ती महाविद्यालयातून बाहेर पडली. तिच्या शिक्षणास पैसा हवा होता त्या वर्षी तो विटांत अडकलेला होता. ‘बाजारात तुरी’ असताना घरात भांडणे लावणारा गृहस्थ आपल्याला हास्यास्पद वाटतो; नकाशावरील रेषेच्या भरवशावर बयाणा देणारा गृहस्थ त्याचाच चुलतभाऊ होय.

नैना क्षेत्राचीही तीच कथा. २०१३ साली तेथील नियोजन सिडकोकडे आले. नगररचना परियोजनांत मूळ जमीनधारकास साधारण ४० टक्के जमीन विकसित भूखंडाच्या रूपाने परत मिळते आणि उरलेली रस्ते व सार्वजनिक सोयी इत्यादींसाठी जाते. ही योजना न्याय्य असू शकते; पण दहा गुंठे घेतले म्हणून दहा गुंठ्यांचा भाव मनात धरणाऱ्यास तो हिशेब ठाऊक असला पाहिजे.

तिसरे आणि सर्वांत घातक ग्रहण ऋणाचे. एक साधे गणित मांडतो. ६० लाखांचा फ्लॅट घेतला, पदरचे १२ लाख घातले आणि ४८ लाख बँकेकडून साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले. महिन्याचा हप्ता ४१,६५० रुपयांच्या आसपास बसतो. भाडे १५,००० रुपये येते असे धरले, तर दरमहा सुमारे साडेसव्वीस हजार रुपये घरच्या मिळकतीतून जातात. सोसायटीचा आकार आणि कर निराळेच. मुद्रांक शुल्क ७ टक्के आणि नोंदणी फी धरली तर आरंभीच आणखी साडेचार लाख गेलेले असतात. आता भाव फक्त १५ टक्के उतरला असे समजा. फ्लॅट ५१ लाखांस विकून बँकेचे फेडले, तर हाती तीन लाख उरतात. पदरचे साडेसोळा लाख गेले होते, तीन परत आले. भाव सातव्या हिश्श्याने उतरला आणि आपली पुंजी चार पंचमांशांहून अधिक बुडाली, हा कर्जाचा महिमा! चढत्या बाजारात हेच गणित उलट चालते आणि म्हणूनच त्याची भुरळ पडते.

मग गुंतवणूक करूच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. करावी, परंतु काही मर्यादा स्वतःस घालून. ही संपूर्ण रक्कम गेली तर कोणाचे शिक्षण थांबेल, कोणाचे औषध थांबेल, हा प्रश्न सहीपूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून विचारावा. उत्तरात एखादे नाव आले तर तेवढी रक्कम त्या व्यवहारात घालू नये. किमान सहा महिन्यांचे हप्ते हाताशी रोख असल्याविना कर्ज घेऊ नये. कर्जदाराच्या आयुष्याचा विमा कर्जाइतका असावा. पत्नीची किंवा वृद्ध आईची सही सहकर्जदार म्हणून घेताना त्या सहीचा अर्थ तिला आधी समजावून सांगावा. तिच्या दागिन्यांवर आणि पेन्शनवर आपण कोणते ओझे ठेवीत आहोत हे तिला कळले पाहिजे. आणि सर्व अंडी एका टोपलीत ठेवू नयेत हा सामान्य नियम स्थावरासही लागू आहे. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा तिच्या कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के, म्हणजे ६,५०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे उघड झाले. ज्या ठेवीदारांनी जन्मात कधी फ्लॅटचा सट्टा खेळला नव्हता, त्यांनाही आरंभी केवळ १,००० रुपये काढता येत होते. ठेव विम्याचे संरक्षण २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदारास ५ लाखांपर्यंतच आहे, हेही विसरू नये.

अपुऱ्या इमारतीत पैसे घालणाऱ्यास १ मे २०१७ पासून महारेराचा आधार आहे. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरने १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, खरेदीदारांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी, ताबा मुदतीत न दिल्यास व्याज द्यावे अथवा पैसे परत करावेत, असे कायदा सांगतो. परंतु कायदा हा छत्रीसारखा आहे. पाऊस पडण्यापूर्वी ती उघडून पाहिली पाहिजे. प्रकल्पाची नोंद, मुदत, वाढवून घेतलेली मुदत, दावे आणि बोजे हे सारे महारेराच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते. पैसे परत करण्याचा आदेश मिळाला तरी बिल्डरपाशी जप्त करण्याजोगे काही उरले नसेल, तर तो आदेश भिंतीवर लावण्याच्या कामाचाच राहतो.

इतके करूनही तोटा होतो. झाल्यावर काय करावे, हे कोणी सांगत नाही, म्हणून दोन शब्द. पहिली गोष्ट, बुडालेले वाचविण्यासाठी आणखी घालू नये. ‘आणखी पाच लाख द्या, काम लगेच सुरू होईल’ या आर्जवास बळी पडून पहिल्या तोट्याचे दुप्पट झालेले तोटे आम्ही पाहिले आहेत. दुसरी गोष्ट, हप्ता चुकण्याची वेळ येताच बँकेकडे आपण होऊन जावे. ९० दिवस थकल्यावर कर्ज बुडीताच्या वाटेवर गणले जाते आणि त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस दारात येऊ शकते; त्यापूर्वी मुदतवाढीची किंवा स्वखुशीने विक्रीची बोलणी करण्यास वाव असतो. तिसरी गोष्ट, खरेदीदारांनी एकत्र यावे. २०१८ पासून सदनिकाखरेदीदारांस दिवाळखोरी कायद्यात वित्तीय धनकोंचे स्थान आहे. प्रकरण तेथे गेले तर आपला दावा मुदतीत दाखल झालाच पाहिजे. चौथी गोष्ट, तोट्यात विकले तर आयकराचे विवरणपत्र वेळेवर भरावे. दीर्घ मुदतीचा भांडवली तोटा पुढील आठ वर्षांच्या तशाच नफ्यातून वजा करता येतो. आणि सर्वांत कठीण गोष्ट, ती म्हणजे घरात सांगावे. लपविलेला तोटा व्याजाने वाढतो.

शेवटी आपल्या संस्थेविषयी थोडे स्पष्ट बोलण्याची परवानगी असावी. ‘आपल्यातलाच माणूस आहे’ या तीन शब्दांवर ज्ञातीत जितके व्यवहार होतात, तितके कोणत्याही कागदावर होत नसतील. हा विश्वास आपल्या समाजाचे भांडवल आहे आणि म्हणूनच त्याची उधळपट्टी होता कामा नये. कागद मागितल्याने सज्जन माणसाचा अपमान होत नाही; जो रागावेल त्याच्याशी व्यवहार न केलेला बरा. या स्मरणिकेतील जाहिरातींमुळे संस्थेस विद्यार्थी-साहाय्यनिधी उभारता येतो, हे आम्ही जाणतो आणि जाहिरातदारांचे आभारही मानतो. परंतु जाहिरात ही संस्थेची हमी नव्हे, असे एक वाक्य त्या पानांच्या आरंभी छापावे, अशी आमची नम्र सूचना आहे. एखादा जाहिरातदार कमी झाला तरी चालेल.

दुसरी सूचना अशी की, ज्ञातीत वकील आहेत, अभियंते आहेत, नगररचना आणि महसूल खात्यांतून निवृत्त झालेले अनुभवी गृहस्थ आहेत. त्यांनी महिन्यातून एका रविवारी दोन तास सभागृहात बसावे आणि बयाणा देण्यापूर्वी जो कोणी कागद घेऊन येईल त्याचे कागद विनामूल्य पाहून द्यावेत. ‘घ्या’ असे त्यांनी कोणास सांगू नये. काय कमी आहे एवढेच सांगावे. आणि ज्यांचे नुकसान झाले आहे त्यांनीही त्याच रविवारी यावे. त्यांस कोणी उपदेश करू नये आणि ‘आम्ही आधीच सांगितले होते’ असे तर मुळीच म्हणू नये. हप्ते थकलेल्या घरातील मुलाची शाळेची फी त्या वर्षापुरती निधीतून भरली गेली, तर संस्थेचे नाव सार्थ होईल.

या कामासाठी पहिला रविवार ठरवून तो सूचनाफलकावर लावण्याचे अध्यक्ष महाराजांनी मनावर घ्यावे.